मुळ्याने अडवलेला प्रोग्रॅम: एक सराव, चार संगणक

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाची माडी आहे. तिथे दर रविवारी सकाळी दोन तास मी पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवते. फी नाही, प्रमाणपत्र नाही, वयाची अट नाही. संगणक मात्र ज्याचा त्याने आणायचा, कारण वाचनालयाकडे एकही नाही. त्यामुळे समोर जे येतं ते येतं. कुणाच्या दादाचा कॉलेजातला लॅपटॉप, कुणाच्या मुलीने नवीन घेतल्यावर घरी पाठवलेला मॅक, कुणाचं बऱ्याच वर्षांत अपडेट न झालेलं विंडोज. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू आहे.

इथे मांडतेय ते प्रकरण आमच्या सातव्या सरावाचं. या बारा ओळींच्या प्रोग्रॅमवर आमचे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी चुकीचा सल्ला दिला. तो सल्ला अनेक शिकवणारे देतात, म्हणूनच हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

सराव काय होता

आठवडी बाजाराची यादी. एका साध्या मजकुराच्या फाइलीत दर ओळीला भाजीचं नाव, स्वल्पविराम आणि भाव. आकडे इंग्रजी, नावं मराठी. प्रोग्रॅमने फाइल उघडायची, ओळी छापायच्या, भावांची बेरीज करायची. मग भाजीचं नाव विचारून तिचा भाव सांगायचा. यादी प्रत्येकाने आपल्या मनाने टाइप करायची होती. शनिवारी रात्री मी घरी प्रोग्रॅम चालवून पाहिला. पहिल्या फटक्यात चालला.

रविवारी तिघांना तीन वेगवेगळे अनुभव आले.

नववीतल्या मुलीच्या लॅपटॉपवर, विंडोज १०, एकही ओळ छापली गेली नाही. रन केलं की लाल अक्षरांत चूक यायची. शेवटच्या ओळीचा अर्थ असा की कॅरॅक्टर मॅपला बाइट (फाइलीत साठवलेला ० ते २५५ मधला एक आकडा) शून्य-एक्स-८१ उलगडता येत नाही, स्थान ४२.

पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या काकांच्या संगणकावरही विंडोज १०, फक्त जुनं. तिथे प्रोग्रॅम चालला, पण भाज्यांच्या नावांच्या जागी भलतंच काही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ, मग एखादं चिन्ह. पुन्हा तोच ए, तेच वर्तुळ. मध्येच जपानी येनचं चिन्ह. आणि एवढं सगळं बिघडलेलं असताना खाली बेरीज मात्र अचूक.

बी.एस्सी.च्या मुलाच्या मॅकवर फाइलच सापडत नव्हती.

मॅकचं लवकर उरकलं. त्याने यादी टेक्स्टएडिटमध्ये लिहिली होती. टेक्स्टएडिट आपणहून साधा मजकूर ठेवत नाही, सजावटीच्या खुणांसकट फाइल ठेवतो आणि नावाला वेगळं शेपूट लावतो. फॉरमॅटच्या यादीतून मजकूर साधा करून घेतला. शिवाय एडिटरमध्ये त्याने वरचा फोल्डर उघडला होता आणि प्रोग्रॅम आतल्या फोल्डरात होता. प्रोग्रॅम जिथून चालवला जातो तिथे फाइल शोधतो, स्वतः जिथे ठेवलेला असतो तिथे नाही. दोन्ही दुरुस्त केल्यावर मॅकवर यादी शुद्ध मराठीत आली.

अडून राहिले ते दोन विंडोज. दोन्हीकडे विंडोज १०, दोन्हीकडे पायथनची तीच आवृत्ती, प्रोग्रॅम दोघांनीही पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्येच लिहिलेला, तोही अक्षरशः एकमेकांचा उतरवलेला, आणि यादी दोघांचीही नोटपॅडमध्ये टाइप केलेली. तरी एकीकडे चूक आणि दुसरीकडे कचरा. मी आधी प्रोग्रॅमच्या ओळी ताडून पाहिल्या, मग पायथन काढून पुन्हा टाकलं. तासभर गेला. अकरा वाजत आले, खाली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची गर्दी झाली, आणि मी मुलीला म्हणाले, "तू नावं इंग्रजीत टाक."

तिने टाकली. लगेच चाललं. वही बंद करता करता तिने विचारलं, "ताई, यात मराठी चालत नाही का?"

मी म्हणाले, "चालतं गं, पण..." आणि त्या पणच्या पुढे मला काही सांगता येईना. मॅकवर चाललं होतं, माझ्याकडे चाललं होतं. मग तिच्याकडे का नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी तिची भाषा बाजूला काढली होती. चूक शोधण्याऐवजी चूक जिथे दिसते ती जागा पुसून टाकणं, एवढंच त्या सल्ल्याने होतं. आणि शिकायला नुकतं बसलेलं पोर त्यातून काय उचलतं? आपली अक्षरं या यंत्राला जड जातात, हेच. हे मला आठवडाभर टोचत राहिलं.

दुसरा रविवार: अदलाबदल

या वेळी आधीच ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

काकांची यादी मुलीच्या लॅपटॉपवर ठेवली. चूक गायब, तोच कचरा छापला गेला आणि बेरीज बरोबर. मुलीची यादी काकांच्या संगणकावर ठेवली. तिथे लाल चूक. म्हणजे दोन्ही संगणक सारखेच वागत होते. फरक यादीत होता. गेल्या रविवारी एवढं एकच करून पाहिलं असतं तर पायथन उतरवण्याची खटपट वाचली असती.

मुलीच्या यादीत चौदा भाज्या होत्या. मी म्हटलं, अर्धी यादी काढ. काढली, तरी चूक. उरलेल्यातली अर्धी काढ. असं करत करत तीन ओळींवर आलो: मेथी १५, वांगी ४०, मुळा २०. मुळ्याची ओळ पुसली आणि प्रोग्रॅम चालला. कचरा छापला, पण चालला. मग पूर्ण यादी परत आणून फक्त मुळा काढला तर पुन्हा चूक. दुधी काढला, तरी चूक. फ्लॉवर काढला, आणि चालला.

काका खुर्ची पुढे ओढून बसले. "म्हणजे मेथी चालते, बटाटा चालतो, कोथिंबीर चालते. मुळा, दुधी आणि फ्लॉवर चालत नाही. यात काय सारखं आहे?"

मुलगी थोडा वेळ यादीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुळा आणि दुधीत पहिला उकार आहे."

"आणि फ्लॉवर?"

"त्यात फ चा पाय मोडलाय."

हे तिचं तिने शोधलं. मला अजून काहीही सांगावं लागलं नव्हतं.

आता चुकीच्या संदेशातले आकडे हातात घ्यायची वेळ होती. पहिल्या रविवारी आम्ही ते वाचलेच नव्हते. लाल अक्षरं दिसली की डोळे त्यांच्यावरून घसरतात, शिकणाऱ्याचेही आणि शिकवणाऱ्याचेही. पण बाइट ८१ आणि स्थान ४२ हे त्या संदेशातले पत्ते होते. ८१ हा सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा, आठ सोळे एकशे अठ्ठावीस आणि एक, म्हणजे आपल्या मोजणीत १२९.

तीन ओळींची ती फाइल आम्ही बाइटच्या रूपात उघडून नुसते आकडे छापले. यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची चिन्हं बाइटमध्ये लिहायची पद्धत, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेतं. इथे काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरायची. मुळा या शब्दात म, उकार, ळ आणि काना अशी चार चिन्हं, म्हणून बारा बाइट:

म: २२४, १६४, १७४
पहिला उकार: २२४, १६५, १२९
ळ: २२४, १६४, १७९
काना: २२४, १६४, १९०

तो पाहा १२९, उकाराच्या शेवटी बसलेला. आता स्थान. मोजणी शून्यापासून. मेथीची ओळ: चार चिन्हांचे बारा बाइट, स्वल्पविराम एक, आकडे दोन, ओळ संपल्याच्या खुणेचे दोन, एकूण १७. वांगीची ओळ: पाच चिन्हांचे १५, अधिक तीन, अधिक दोन, एकूण २०. दोन्ही मिळून ३७, म्हणून मुळ्याचा म ३७ वर सुरू होतो. म चे तीन सोडले की उकार ४० वर, आणि त्याचा तिसरा बाइट ४२ वर. संदेशात होता तोच आकडा.

फळ्यावर ही मोजणी उतरली तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले होते. संगणक चूक दाखवतो तेव्हा तो नेमकं बोट ठेवून सांगत असतो, हे मी इतके दिवस तोंडाने सांगत होते. त्या दिवशी ते त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं.

विंडोजला १२९ का नको

पायथनमध्ये मजकुराची फाइल उघडताना ती कोणत्या सांकेतिक पद्धतीत लिहिली आहे हे आपण सांगितलं नाही, तर पायथन त्या संगणकाची नेहमीची पद्धत धरून चालतो. उबंटू आणि मॅकवर ती यूटीएफ-८ असते. भारतात विकत घेतलेल्या, इंग्रजीत चालणाऱ्या विंडोजवर ती बहुधा विंडोज-१२५२ असते. हा पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला जुना तक्ता आहे. त्यात एका बाइटला एक चिन्ह, त्यामुळे जास्तीत जास्त २५६ जागा, आणि त्यातल्या पाच जागा रिकाम्या: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७.

यातून दोन्ही कोडी सुटतात. मेथीचे बारा बाइट या तक्त्याने वाचले तर प्रत्येकाला काही ना काही चिन्ह मिळतं. २२४ म्हणजे तिरक्या रेघेचा ए, १६४ म्हणजे टोकं फुटलेलं वर्तुळ, १६५ म्हणजे येनचं चिन्ह. मराठीचं प्रत्येक चिन्ह २२४ ने आणि पाठोपाठ १६४ किंवा १६५ ने सुरू होतं, म्हणून तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते. हा कचरा ओळखायला शिकलात तर निदान तिथेच झालं: फाइल धडधाकट आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचली जातेय. स्वल्पविराम आणि इंग्रजी आकडे दोन्ही पद्धतींत एकाच बाइटने लिहिले जातात, म्हणून काकांची बेरीज बरोबर आली.

याच कचऱ्यात काकांना वांगीच्या नावात एक जादाचा स्वल्पविराम दिसला होता आणि त्यांना वाटलं की आपणच चुकून टाइप केला. तो स्वल्पविराम नव्हताच. अनुस्वाराचा शेवटचा बाइट १३०, आणि त्या तक्त्यात १३० म्हणजे खाली बसलेलं एकेरी अवतरणचिन्ह. दिसायला हुबेहूब स्वल्पविराम.

मुळ्यात मात्र १२९ येतो आणि तक्त्यात त्या जागी काहीच नाही. पायथन अंदाज करत नाही, तिथेच थांबतो. पाय मोडण्याच्या खुणेचा शेवट १४१ ने होतो, म्हणून फ्लॉवर अडला. ए चा शेवट १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. म्हणजे पहिला उकार, जोडाक्षर, ए, ऐ किंवा झ यांपैकी काहीही यादीत असेल तर प्रोग्रॅम थांबणार, नसेल तर बहुतेक वेळा कचरा छापणार. काकांच्या यादीत नऊ भाज्या होत्या आणि योगायोगाने एकीतही यातलं काही नव्हतं.

मुलीने इथे एक चांगला प्रश्न विचारला. "पण ताई, मेथी आणि वांगी तर मुळ्याच्या आधी होती. ती तरी छापायला हवी होती ना?" अगदी रास्त. आपण प्रोग्रॅममध्ये ओळीमागून ओळ असं लिहितो, म्हणून वाटतं की तो ओळच वाचतो. प्रत्यक्षात तो ८१९२ बाइटचा घास एकदम घेतो, तो सगळा उलगडतो आणि मग त्यातून ओळी काढून देतो. तिची आख्खी यादी एका घासात आली. मुळा चौदाव्या ओळीवर असता तरी पहिली ओळ छापली गेली नसती.

श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर ज्यांनी डीटीपीवाल्याकडून पेन ड्राइव्हवर आणलाय त्यांना यातली अर्धी गोष्ट ओळखीची वाटेल. त्यांच्या संगणकावर सुरेख मराठी, आपल्याकडे उघडलं की रोमन अक्षरांचा पसारा. तिथेही आकडे तेच असतात, वाचायची किल्ली वेगळी असते. काकांनी कचेरीत हा त्रास वर्षानुवर्षं पाहिलेला, त्यामुळे किल्ली हा शब्द त्यांनीच काढला. आता आमच्या वर्गात सांकेतिक पद्धतीला, म्हणजे एन्कोडिंगला, सगळे किल्लीच म्हणतात.

४२ चे ४० का झाले

तेवढ्यात मी माझ्या उबंटूवर त्याच तीन ओळी टाइप करून पेन ड्राइव्हने मुलीच्या लॅपटॉपवर नेल्या. चूक तीच, पण स्थान ४०.

मला कारण माहीत होतं, पण सांगायची गरज पडली नाही. मी एवढंच म्हणाले की विंडोज ओळ संपवायला दोन बाइट लिहितं, १३ आणि १०, आणि उबंटू व मॅक फक्त १०. त्या दोन खुणांची इंग्रजी नावं सांगितली, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, आणि काकांचा चेहरा खुलला. ते टायपिंगची परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेले. उठून उभे राहिले आणि हवेत टाइपरायटर धरून दाखवला. ओळ संपली की दांडी ओढायची. एका ओढीत दोन कामं होतात, रोलर एक घर फिरून कागद वर सरकतो आणि आख्खी गाडी उजवीकडे ढकलली जाते, म्हणजे पुढचं अक्षर पुन्हा डाव्या कडेला उमटतं. गाडी परत नेणं हा तेरा, कागद सरकवणं हा दहा.

मुळ्याच्या आधी ओळी किती? दोन. दर ओळीमागे एक बाइट कमी. ४२ वजा २.

उपाय, आणि उपायानंतर उरलेली मेथी

उपाय छोटा आहे. फाइल उघडण्याच्या आज्ञेच्या कंसात, फाइलच्या नावानंतर, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं. विंडोजवर लिहा, मॅकवर लिहा, उबंटूवर गरज नसली तरी लिहा. माझ्या मूळ प्रोग्रॅममध्ये हे नव्हतं, कारण माझ्याकडे त्यावाचून काही अडत नव्हतं. प्रोग्रॅमने एक निर्णय गुपचूप संगणकावर सोपवला होता आणि तो निर्णय दर संगणकावर वेगळा होता. पायथनच्या ३.१० आवृत्तीपासून असा सोडून दिलेला निर्णय पकडून देणारा इशारा सुरू करता येतो. आणि ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय करायचं ठरलेलं आहे. पण लोकांच्या घरातले संगणक अजून बरीच वर्षं जुन्या आवृत्त्यांवर चालतील, त्यामुळे लिहायची सवयच चांगली.

मुलीचा प्रोग्रॅम चालला. चौदा भाज्या, मुळ्यासकट.

काकांचाही चालला, यादी स्वच्छ मराठीत आली. मग त्यांनी भाव विचारण्याच्या जागी मेथी लिहिलं. उत्तर: यादीत नाही. वांगी लिहिलं, ४० आलं. बटाटा आला, कांदा आला. फक्त मेथी नाही, आणि मेथी तर पहिल्याच ओळीवर डोळ्यांसमोर दिसतेय.

पहिल्या ओळीवर, हाच धागा होता. यादी छापण्याऐवजी पहिल्या नावाची लांबी छापली. मेथीत चिन्हं चार, उत्तर आलं पाच. बाइट पाहिले तर सुरुवातीलाच २३९, १८७, १९१. हे तीन बाइट म्हणजे फाइलच्या कपाळावर लावलेली एक न दिसणारी खूण असते, ही फाइल यूटीएफ-८ आहे असं सांगणारी. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं की ही खूण लावायचं. मे २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच यूटीएफ-८ मध्ये आणि या खुणेशिवाय फाइल ठेवतं. मुलीचा लॅपटॉप त्यानंतरचा, काकांचा त्याआधीचा. पहिल्या रविवारी काकांच्या कचऱ्यात पहिल्याच ओळीच्या आधी तीन चिन्हं जास्तीची होती. आम्ही ती पाहिली होती आणि कचऱ्यातला कचरा म्हणून सोडून दिली होती.

यालाही उपाय आहे. वाचताना यूटीएफ-८ च्या जागी यूटीएफ-८-सिग लिहायचं. खूण असली तर ती काढून टाकली जाते, नसली तर काही बिघडत नाही. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली यादी, काढली तरी हीच खूण लागलेली असते, म्हणून बाहेरून आलेली यादी वाचायला मी आता हेच शिकवते. लिहिताना मात्र साधं यूटीएफ-८.

जुन्या नोटपॅडबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यात मूळ पर्याय विंडोजच्या जुन्या तक्त्याचा होता, आणि मराठी मजकूर तसाच ठेवायला गेलं की काही अक्षरं हरवतील असा इशारा यायचा. काकांनी तो वाचला आणि पर्याय बदलला. जो न वाचता होय म्हणतो त्याच्या फाइलीत प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उरतं. तिरक्या रेघेचे ए दिसले तर मजकूर सुखरूप आहे. नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि फाइलीतही तीच असली, तर मजकूर गेला, पुन्हा टाइप करायला बसा.

तिसरा रविवार: माझ्याकडे चालेना

मुलीने घरून प्रोग्रॅम आणि यादी मला पाठवली. तिच्याकडे चालत होतं, मॅकवर चाललं, आणि माझ्या उबंटूवर फाइल सापडत नाही म्हणाला. फाइलच्या नावातलं पहिलं रोमन अक्षर तिने कॅपिटल ठेवलं होतं आणि प्रोग्रॅममध्ये लहान लिहिलं होतं. विंडोज आणि मॅक नेहमीच्या मांडणीत हा भेद मानत नाहीत, उबंटू मानतं. तिला फार आनंद झाला, या वेळी अडलेला संगणक ताईंचा होता.

यादी वाचून झाली तशी ती लिहायचीही होती. स्वस्त भाज्या वेगळ्या फाइलीत काढायच्या. तिथेही लिहिण्यासाठी फाइल उघडताना किल्ली सांगितली नाही तर विंडोजवर प्रोग्रॅम अडतो, आणि या वेळी मुळा असो वा मेथी, पहिल्याच मराठी अक्षराला, कारण त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही.

खरी वेळ खाल्ली ती कऱ्हाडने. बी.एस्सी.च्या मुलाने यादीत बाजाराचं गाव घातलं: वाई, फलटण, कऱ्हाड. यादी काकांनी टाइप केली, प्रोग्रॅम चालवताना नाव त्याने मॅकवर लिहिलं. वाई सापडलं, फलटण सापडलं, कऱ्हाड नाही. पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर डोळ्याला काडीचा फरक दिसेना.

चिन्हं सुटी करून छापली. मॅकवर टाइप झालेल्या शब्दात क, मग खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडण्याची खूण, ह, काना, ड: सहा चिन्हं. काकांच्या शब्दात क, साधा र, पाय मोडण्याची खूण, मग जोडून ठेवणारी एक अदृश्य खूण, ह, काना, ड: सात. चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन्ही वाटांनी तयार होतो आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन्ही वाटा मान्य आहेत. तिसरीही वाट आहे, साधा र आणि वेगळं नुक्त्याचं टिंब. तो तिसरा प्रकार पहिल्यासारखा करून देण्याची सोय पायथनमध्ये तयार आहे, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. पण अदृश्य खुणेचा प्रकार त्यातून सुटून राहतो. म्हणून आम्ही तुलनेच्या आधी एक ओळ घातली: र, पाय मोडण्याची खूण आणि अदृश्य खूण हे तिन्ही ओळीने आले की त्यांच्या जागी टिंबाचा ऱ आणि पाय मोडण्याची खूण ठेवायची. मग गाव सापडलं.

ही अडचण इंग्रजीतून शिकवणाऱ्या कुठल्या धड्यात येणार? गोऱ्हे, कऱ्हाडे, तऱ्हा, वऱ्हाड हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांनाच ती येणार, आणि त्यांनीच ती लिहून ठेवली पाहिजे.

आता सातव्या सरावाचा कागद मी बदललाय. त्यात फाइल उघडण्याची ओळ किल्लीसकट दिली आहे, फाइलचं नाव सगळं लहान अक्षरांत, आणि यादीत मुळा सक्तीचा. अडलं की काय करायचं तेही आहे: आधी यादी शेजारच्याला देऊन पाहायची, मग अर्धी करायची, मग संदेशातलं स्थान बाइटमध्ये मोजायचं. नावं इंग्रजीत टाका हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा येणार नाही.

नवीन आलेल्या दोघांना समजावून द्यायचं काम मुलीने आपणहून घेतलं. तिने किल्ली न सांगणारा जुना प्रोग्रॅम जपून ठेवला होता. त्याच्याकरता पाच फाइली केल्या, प्रत्येकीत एकच शब्द: मुळा, फ्लॉवर, एरंडेल, ऐरण, झेंडू. पाच रिकाम्या जागांना पाच शब्द. तिच्या लॅपटॉपवर एकेक चालवलं की पाच वेगळे बाइट येतात, आणि स्थान येतं पाच, पाच, दोन, दोन, दोन. नवीन मुलांनी ते स्थान आधी कागदावर मोजून सांगायचं, मग रन करायचं.

काकांनी विचारलं, "अगं, पण बाजारात ऐरण कुठे मिळते?"

"मिळते ना काका," ती म्हणाली, "नदीकडच्या बाजूला लोहार बसतो की दर सोमवारी."